राणी नको, तांडेल व्हायचंय!

परवा शेजारची सहावीतली मुलगी रडवेला चेहरा करून आमच्या ओटीवर येऊन बसली. शाळेत वेशभूषा स्पर्धा होती, विषय ‘आपला इतिहास’. हिने ठरवलं होतं, तांडेल व्हायचं. शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या गलबतावरचा तांडेल! आजोबांचं जुनं उपरणं कमरेला बांधायचं, हातात वल्हं घ्यायचं आणि खलाशांना हाळी द्यायची. संवादसुद्धा तिचा तिनेच लिहिला होता. बाईंनी कागद वाचला, कौतुक केलं आणि म्हणाल्या, “अगं, पण तू मुलगी ना? जिजाऊ हो, नाहीतर झाशीची राणी हो. नऊवारी किती छान दिसेल तुला! तांडेल मुलग्यांसाठी राहू दे.”

घरी आली तर आजीचंही तेच. “बरोबर सांगल्यांनी बाईंनी. चेडवांनी होडयेर जावन काय करूचा?”

मी तिला लाडू दिला, समजूत काढली. लाडू खाता खाता तिने विचारलं, “काकी, आरमारात एकपण मुलगी नव्हती?”

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येईना. समुद्रापासून चार पावलांवर आमचं घर. खिडकीतून सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला, हे मालवणातल्या पोरासोरांना पाठ असतं. पण त्या समुद्रावर एखादी मुलगी होती का, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

आपल्या लहानपणचं वाचन आठवून पाहा. फास्टर फेणेची पुस्तकं आपण मैत्रिणींमध्ये फिरवून फिरवून वाचली. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या गोष्टींनी तर पाण्याखालची, बेटांवरची सफर घडवली. साहस म्हणजे काय, ते या पुस्तकांनी आपल्याला शिकवलं. पण वाचताना आपण मनातल्या मनात मुलगाच व्हायचो, नाही का? सायकलवर टांग टाकणारा तो, कड्यावरून उडी मारणारा तो, जहाजावर लपून बसणारा तो. वाट बघणारी, काळजी करणारी, परत आल्यावर गरम गरम जेवायला वाढणारी तेवढी ‘ती’.

इंग्रजीत मात्र समुद्रावरच्या मुलींच्या गोष्टी बऱ्याच आहेत. एल. ए. मायर या अमेरिकन लेखकाची ‘ब्लडी जॅक’ ही मालिका २००२ साली सुरू झाली. २०१४ पर्यंत तिचे १२ भाग आले. लंडनच्या रस्त्यावर वाढलेली एक अनाथ मुलगी दोनशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश आरमारात पोऱ्या म्हणून शिरते आणि पुढे साती समुद्र पालथे घालते, अशी ही कथा. त्याआधी, १९९० साली, अवी या लेखकाची शार्लट डॉईल नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीची कादंबरी गाजली. बोटीवरची ती एकटीच मुलगी. सुरुवातीला हातमोजे घालून वावरणारी शार्लट पुढे डोलकाठीवर चढते. अशा पुस्तकांवर तिकडच्या मुलींच्या पिढ्या वाढल्या.

पण एक गंमत लक्षात घ्या. ‘ब्लडी जॅक’मधल्या मुलीला बोटीवर पाय ठेवण्यासाठी आधी मुलगा व्हावं लागतं. केस कापायचे, नाव बदलायचं, आवाज बदलायचा. ही लेखकाची नुसती कल्पना नाही. १७६६ साली फ्रान्सची एक मोठी मोहीम जगप्रदक्षिणेला निघाली. तिच्यातल्या एका जहाजावर जान बारे नावाची बाई वनस्पतिशास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून गेली, ती पुरुषाच्या कपड्यांत! कारण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना बंदी होती. पुढे ताहिती बेटाच्या सुमाराला तिचं बिंग फुटलं. पण पृथ्वीला वळसा घालणारी पहिली स्त्री म्हणून आज जग तिलाच ओळखतं.

आता त्याच १७६६ साली आपल्या मालवणात काय चाललं होतं, ते बघू या.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७६५ मध्ये, मुंबईच्या इंग्रजांनी आरमार आणून सिंधुदुर्ग जिंकला होता. जिंकला तो जिंकला, वर त्याचं नावही बदलून टाकलं. फोर्ट ऑगस्टस! किल्ला तेव्हा कोल्हापूरच्या गादीचा होता. आणि त्या गादीचा कारभार कोण बघत होतं? जिजाबाई. या शिवरायांच्या मातोश्री नव्हेत. करवीरच्या संभाजी महाराजांच्या पत्नी. १७६० साली नवरा गेला, दत्तक घेतलेला मुलगा लहान. १७७३ मध्ये त्या वारल्या, तोवर राज्य त्यांनीच चालवलं. मालवणच्या बंदरातून निघणारी कोल्हापूरची गलबतं इंग्रजांच्या डोळ्यांत एवढी सलत होती, की ते आपल्या लोकांना सरसकट ‘मालवणचे चाचे’ म्हणत. आपल्या समुद्रात येणाऱ्या जहाजांकडून आपण दस्तक मागितलं तर ते आपण चाचे, आणि त्यांनी मागितलं तर ते सरकार. असो.

किल्ला इंग्रजांना फार काळ परवडण्यासारखा नव्हता. शेवटी तह झाला. कोल्हापूरने पावणेचार लाखांहून थोडी जास्त रक्कम द्यायची, व्यापाऱ्यांच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही, अशा अटींवर १७६६ मध्ये सिंधुदुर्ग परत मिळाला. अटी कडकच होत्या. पण फोर्ट ऑगस्टस हे नाव पुसलं गेलं आणि आपला किल्ला आपल्याकडे राहिला. पुढे १८१२ साली मालवण इंग्रजांकडे गेलं, ती गोष्ट वेगळी. म्हणजे बघा, जान बारे पुरुषाचा वेश करून जहाजावर चढत होती, त्याच सुमाराला एक विधवा बाई सागरी सत्तेशी बोलणी करून किल्ला सोडवून घेत होती. तेही स्वतःच्या नावाने!

या जिजाबाईंचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं आहे? मी मालवणची, आणि मलाही ते चाळिशीनंतर कळलं.

जिजाबाईंचं तर सोडाच, पण महाराणी ताराबाईंचं तरी काय झालं? सिंधुदुर्गाच्या तटाला एक लहानसा दरवाजा आहे. त्यातून बाहेर पडलं की इवलीशी पुळण लागते. तिला ‘राणीची वेळा’ म्हणतात. ताराराणी तिथे समुद्रस्नानाला यायच्या, असं सांगतात. किल्ल्यावर आलेला पर्यटक तेवढंच ऐकतो, फोटो काढतो आणि होडीत बसून परततो. अहो, १७०० ते १७०७ अशी सात वर्षं या बाईने औरंगजेबाशी लढाई चालू ठेवली. कान्होजी आंग्र्यांसारखा सरखेल त्या काळात तिच्या बाजूने समुद्र सांभाळत होता. आणि आपण तिची आठवण ठेवली ती कशाची? आंघोळीची!

आपल्या किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की मंगळूरजवळ उल्लाळ लागतं. तिथली राणी अब्बक्का सोळाव्या शतकात पोर्तुगीजांना पुरून उरली. एकापाठोपाठ दोन-तीन राण्यांनी हे नाव लावलं असावं, असंही अभ्यासक मानतात. १६२३ साली पिएत्रो देला व्हाले हा इटालियन प्रवासी उल्लाळच्या राणीला भेटला. त्याला वाटलं होतं, राणी म्हणजे सिंहासन, दागदागिने, थाटमाट. प्रत्यक्षात राणी रस्त्याने अनवाणी चालत येत होती. अंगावर साधं सुती वस्त्र. कशासाठी निघाली होती? पाण्याच्या चरांचं काम चाललं होतं, ते बघायला! मला ही राणी फार आवडते. आपल्या गावातली एखादी खमकी सरपंच डोळ्यांसमोर येते. तटरक्षक दलाने २०१२ मध्ये आपल्या एका गस्ती जहाजाला तिचं नाव दिलं, हे चांगलंच झालं.

म्हणजे शेजारच्या मुलीला मी सांगू शकते, की बाय, समुद्रावर राज्य करणाऱ्या बायका आपल्याकडे होत्या. पण तिचा प्रश्न नीट आठवा. तिने राण्यांबद्दल विचारलंच नव्हतं. तिला तांडेल व्हायचं होतं. राणी किनाऱ्यावरून हुकूम सोडते. तांडेलाला वारा ओळखावा लागतो, भरती-सुकतीचं गणित डोक्यात ठेवावं लागतं, खडक कुठे आहेत ते अंधारात कळावं लागतं. राणी व्हायला राजघराणं लागतं. तांडेल व्हायला काम शिकावं लागतं. म्हणूनच मुलींना नुसत्या राण्यांच्या गोष्टी सांगून भागत नाही, असं मला वाटतं. राणीला आपण हार घालतो, नमस्कार करतो आणि पुन्हा पोळ्या लाटायला वळतो. ‘हे मलाही जमेल’ असं वाटायला लावते ती काम शिकणारी साधी मुलगी.

आणि अशा मुली आता खरोखरच समुद्रावर आहेत. गोष्टीतल्या नाहीत, रक्तामांसाच्या.

सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांचं. नौका केवढी? अवघी ५६ फुटी. आपल्या बंदरातले काही ट्रॉलर तिच्याहून मोठे असतात. तीही लांबची नव्हे, गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली. या सहा जणींनी २५४ दिवसांत पृथ्वीला फेरी मारली आणि मे २०१८ मध्ये गोव्याला परतल्या. एकट्या पॅसिफिक महासागरात त्या ४१ दिवस होत्या.

पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच तारिणीतून फक्त दोघी निघाल्या. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. दोघीच! एक झोपली की दुसरी सुकाणूवर. शीड फाटलं तर आपणच शिवायचं, यंत्र बिघडलं तर आपणच उघडायचं, आजारी पडलं तर आपणच डॉक्टर. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी केप हॉर्न ओलांडलं. भल्याभल्या दर्यावर्दींना घाम फोडणारं ते दक्षिण अमेरिकेचं टोक. २९ मे २०२५ ला त्या मुरगाव बंदरात परत आल्या, तेव्हा २५ हजारांहून जास्त सागरी मैल कापून झाले होते. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० मे रोजी, पुण्याला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आणि ११ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून तिन्ही दलांच्या दहा महिला अधिकारी ‘त्रिवेणी’ नौकेतून जगप्रदक्षिणेला निघाल्या. त्यांचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्याकडे होतं.

हे सगळं आपोआप घडलेलं नाही बरं का! नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणूक मिळावी, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाकडून मार्च २०२० मध्ये मिळवावा लागला. खडकवासल्याचं दार मुलींसाठी उघडलं तेही २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितल्यावर. २०२२ पासून मुली नौदलात खलाशी म्हणूनही जाऊ लागल्या. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्का इथून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. आधी अधिकारी आणि खूप नंतर खलाशी, असा हा उलटा प्रवास. पण आपल्यासारख्या गावांतल्या मुलींसाठी खलाशाचं दार उघडणं जास्त मोलाचं आहे. दहावी-बारावी झालेली मुलगी तिथे अर्ज करू शकते.

मग आपल्या मुली अर्ज करतात का? माझ्या माहितीतली एक मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. वडिलांची स्वतःची बोट आहे. पोहण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मी विचारलं, “नौदलाचा फॉर्म भरलास का गं?” ती हसली. म्हणाली, “ते भावासाठी आणलाय ना!” फॉर्म तोच होता. मुलींनाही चालत होता. घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आईच्या नाही, वडिलांच्या नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या स्वतःच्याही नाही. कायदा बदलला, जाहिरात आली, वयाची आणि मार्कांची अट बसत होती. फक्त ‘समुद्रावरची मी’ हे चित्र तिने कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. असं चित्र न्यायालय देऊ शकत नाही. ते लहानपणीच्या गोष्टींतून मिळतं. वेशभूषा स्पर्धेतून मिळतं.

आता कोणी म्हणेल, उगाच समुद्राचं कौतुक नको. खरंच आहे. नोव्हेंबर २००९ मधलं फयान आणि मे २०२१ मधलं तौक्ते आपण विसरलेलो नाही. दाराशी उभं राहून समुद्राकडे डोळे लावून बसणं काय असतं, ते इथल्या बायकांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. मुलीला पाण्यावर पाठवायला आईचं मन कचरतं, ते भेकडपणाने नव्हे. पण मुलाला पाठवताना ते तेवढंच कचरतं ना? तरी आपण पाठवतो. कारण त्याच्या पोटापाण्याचं ते काम आहे, असं आपण धरून चालतो. मुलीच्या बाबतीत मात्र भीती हेच कारण पुरेसं होतं.

या भीतीवर मला एक गोष्ट सांगाविशी वाटते. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘दुर्गम्मा’ नावाची मासेमारीची बोट बंद पडली. इंजिन गेलं, नांगर तुटला, वर वादळ. बोटीवर सात मच्छीमार. त्यांना ज्या मोठ्या जहाजाने वाचवलं, त्याचं नाव ‘संपूर्ण स्वराज्य’, आणि त्याची कप्तान होती राधिका मेनन. खवळलेल्या समुद्रात दोन प्रयत्न फसले, तिसऱ्या प्रयत्नात सातही जण वर आले. या धाडसासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार २०१६ मध्ये त्यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला. म्हणजे कुठल्यातरी किनाऱ्यावर सात बायका दाराशी उभ्या होत्या, आणि त्यांची माणसं त्यांना परत दिली ती एका बाईनेच. हिच्या आईने तेव्हा ‘मुलीची जात’ म्हणून तिला घरी बसवलं असतं तर?

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत चक्कर मारून या. तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवन सफारी सुरू केली. पाहुण्यांना होडीत बसवायचं, कांदळवनाच्या जाती आणि पक्षी दाखवायचे, आणि होडी वल्हवायची ती स्वतःच. लोकांनी आधी नावं ठेवली असतील, नसतील. होडी मात्र चालली. पापड-लोणच्यांच्या पलीकडे बचत गट जाऊ शकतो, हे या बायकांनी वल्ह्याच्या जोरावर दाखवून दिलं.

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन आपल्या जिल्ह्यातले. आनंदाची गोष्ट आहे. आता फलक लागतील, माहितीपुस्तकं निघतील. माझी एवढीच विनंती आहे, की त्या फलकांवर जिजाबाईंनी सोडवून घेतलेला किल्ला असंही एक वाक्य असू द्या. ‘राणीची वेळा’ इथे ताराराणीच्या सात वर्षांच्या लढ्याबद्दल दोन ओळी लिहा. आणि लिहित्या हातांना विनंती, की आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या मुलीला गलबतावर चढवा. एका भागात संपवू नका, चांगले दहा-बारा भाग होऊ द्या! ती राजकन्या नसली तरी चालेल. खारवलेल्या बांगड्यांचा वास तिच्या हाताला येऊ द्या. तिला बोट लागू द्या, ओकाऱ्या होऊ द्या, गाठ चुकू द्या, तांडेलाची बोलणी बसू द्या. आणि मग एका रात्री, वारा फिरल्याचं सगळ्यांच्या आधी तिला कळू द्या.

शेजारच्या मुलीचं काय झालं म्हणाल, तर ती शेवटी झाशीची राणी झाली. दुसरा नंबरही आला. पण संध्याकाळी ती माझ्याबरोबर बसून तारिणीचे फोटो बघत होती. आजीही मांडीवर विळी घेतल्यासारखी ऐसपैस बसून बघत होती. बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “लगीन होवच्या आदी खाडयेत होडी मीच मारी होतंय. बापूस तापान आडवो पडलो, मगे कालवांक कोण जातलो?”

नात टुणकन उठून बसली. “आजये, ह्या कधी सांगलस नाय गे!”

“इचारल्यान कोणी?” आजी म्हणाली.

मैत्रिणींनो, आज दिवेलागणीला जरा विचारून बघाल? सासूबाईंना, आईला, मावशीला, बाजारात रोजच्या ओळखीच्या मासेवालीला. आणि त्या जे सांगतील, ते घरातल्या मुलींना ऐकू द्या.